ओहोटीचे आमंत्रण

ओहोटी रद्द झाल्याची सूचना आमच्या भावकीत सर्वांना एकाच वेळी मिळाली. सूचनेत कारण दिलेले नव्हते. पहिला फोन मुंबईच्या चुलत भावाचा आला. तो मला आला, कारण मी वर्तमानपत्रात होतो आणि अशा गोष्टी मला इतरांच्या आधी कळतात असा घरात समज आहे.

"रद्द म्हणजे काय रे? तेवढीच एक, की दिवसभराची?"

माहिती घेऊन सांगतो, असे मी म्हणालो. माहिती मला आधीच होती. ती अशी.

रत्नागिरी शहरातून खाडीच्या बाजूने आत गेले की आमची वाडी लागते. तिथे आमच्या भावकीची दोन घरे आहेत. वरचे घर थोरल्या पातीचे, ते डोंगराच्या पायथ्याला. खालचे घर धाकट्या पातीचे, म्हणजे आमचे, ते खाडीच्या काठाला. मधे भाताची शेते आणि शेतांच्या कडेने खाडीचे पाणी अडवणारा मातीचा बांध. तो पूर्वजांनी घातला. सरकारी योजनेत तो कधी बसला नाही, त्यामुळे तो फुटला की दोन्ही घरांनी मिळून दुरुस्त करायचा असतो. बांधाच्या आतल्या अंगाला, आमच्या परसात, वहिनीची विहीर आहे. वहिनी म्हणजे माझ्या दिवंगत थोरल्या भावाची पत्नी. खाडी इतकी जवळ असून विहिरीचे पाणी गोडे आहे आणि ते केवळ बांधामुळे गोडे आहे.

मी शहरात राहतो. चैत्रात चार दिवस आंबे उतरवायला म्हणून वाडीत गेलो होतो, बांधामुळे मुक्काम लांबला. पौर्णिमेच्या उधाणाला बांधाला भगदाड पडले. खेकड्यांनी पोखरलेला भाग होता. दुसऱ्या दिवशी वहिनीने केलेला चहा मी प्यायलो आणि काही बोललो नाही. तिनेही काही विचारले नाही. त्यानंतर एका दुपारी तुरीची डाळ शिजेना. दोन वेळा सरपण लावून झाल्यावर ती म्हणाली, "भाऊजी, पाण्याला चव लागली."

उधाणाच्या दिवसांत बांधाला हात लावता येत नाही. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, म्हणजे भरती फारशी चढत नाही. त्या दिवसांतल्या ओहोटीला भगदाड बुजवायचे. ती ओहोटी हुकली की पुढे अमावास्येचे उधाण, आणि ते पाणी उघड्या जागेतून सरळ विहिरीत उतरणार. खारट झालेली विहीर पावसात धुऊन निघते असे म्हणतात. काही विहिरींना दोन पावसाळे लागतात, काहींना तेवढेही पुरत नाहीत. शेजारच्या वाडीत तशी एक आहे. तिच्यावर लोखंडी जाळी टाकली आहे आणि लोक त्या जाळीवर आमसुले वाळत घालतात.

बांधाच्या कामाला एक नियम आहे. भगदाडात मातीची पहिली पाटी वरच्या घरातल्या कर्त्या पुरुषाने टाकायची. त्याने टाकल्याशिवाय दुसऱ्या कोणी टाकायची नाही. याचे कारण कोणाला ठाऊक नाही, म्हणूनच तो कोणी मोडत नाही.

वरच्या घरातले कर्ते पुरुष म्हणजे अण्णा, माझे थोरले चुलत भाऊ. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त झाले त्याला बराच काळ लोटला, पण लांबून गाडीचा आवाज आला की अजून मनगटावरच्या घड्याळाकडे पाहतात. अण्णा वहिनीशी थेट बोलत नाहीत. थोरल्या दिराने धाकट्या भावाच्या बायकोशी बोलायचे नाही ही जुनी पद्धत. वाडीत ती आता एकटे अण्णाच पाळतात. मधे कोणी माणूस असला तर त्याच्यामार्फत, नसला तर एखाद्या वस्तूला उद्देशून ते बोलतात आणि वहिनी ऐकून घेते. गेल्या गणपतीत त्यांनी आमच्या पाटावरवंट्याला प्रकृतीची काळजी घ्यायला सांगितले होते.

वहिनीची मुलगी, माझी पुतणी, पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि वाडीतून काम करते. आमच्या घरापर्यंत इंटरनेटची तार आली आहे, घरात फोनही तिच्यावरच येतात. वरच्या घरापर्यंत ती जाणार होती, पण खांब कोणाच्या जागेत रोवायचा या मुद्द्यावर थांबली. मोबाइलची रेंज वाडीत एकाच ठिकाणी येते. ते ठिकाण बांधावर आहे.

पुतणीने स्वतःसाठी एक कमांड-लाइन साधन लिहिले होते. कमांड-लाइन म्हणजे काळ्या चौकटीत पांढऱ्या अक्षरांत एक ओळ लिहायची आणि एंटर दाबायचे. चित्र नाही, बटण नाही. त्या ओळीत बंदराचे नाव आणि कधीपासून कधीपर्यंत एवढे सांगितले की ते साधन तिथल्या भरती-ओहोटीचे अंदाज आणते आणि ऑनलाइन कॅलेंडरमध्ये एकेक करून मांडून ठेवते. उधाणाला वाडीचा रस्ता ओढ्यावरच्या मोरीपाशी पाण्याखाली जातो, म्हणून तिला ते लागत असे. मी डेस्कवर असताना हेच काम हाताने केले आहे. तक्त्यावरून आकडे उतरवायचे, चौकट करायची, आणि ती मिरजोळ्याच्या छापखान्यात पाठवायची. वाडीत ती चौकट कोणी वाचत नसे, कारण पाणी समोरच दिसते.

तिच्या साधनाला अगोदर एक अडचण आली होती. भरती-ओहोटीच्या वेळात कॅलेंडर तिला कामात गुंतलेली दाखवू लागले. तिचे साहेब कोल्हापूरकडचे. त्यांनी एका बैठकीत विषय काढला. बोलणे मी शेजारच्या खोलीतून ऐकले.

"ही ओहोटी रोज दोनदा असते काय?"

"हो सर."

"आठवड्यातून एकदा घेतली तर नाही का चालणार?"

"अवघड आहे सर."

"बघा, तिकडच्या लोकांशी बोलून बघा. नाहीतर पुढच्या तिमाहीपासून."

बांधाच्या कामाला माणसे गोळा करायची होती. मुंबईचे चुलत भाऊ दोन दिवसांची रजा काढून येतो म्हणाले, पण कधी यायचे ते नक्की सांगा, असा त्यांचा आग्रह होता. प्रत्येकाला फोन करत बसण्यापेक्षा ओहोटीच सर्वांना पाठवून देते, असे पुतणी म्हणाली. कमांडच्या शेवटी पाहुण्यांचे पत्ते जोडण्याची सोय तिने करून घेतली. पत्ते जोडले आणि एंटर दाबला.

अष्टमीची एक ओहोटी पाठवायची होती. साधनाला तो फरक समजावून दिलेला नव्हता. त्याने अमावास्येपर्यंतच्या सर्व भरत्या आणि सर्व ओहोट्या सर्वांना पाठवल्या. प्रत्येकीखाली विचारले होते, तुम्ही येणार का? होय, नाही, कदाचित.

आमच्या भावकीत बोलावण्याला उत्तर न देणे हा अपमान धरतात. त्यामुळे ज्यांनी पाहिले त्या सर्वांनी उत्तरे दिली. मुंबईच्या काकांनी पहाटेच्या एका भरतीला नकार कळवून खाली लिहिले, "गुडघ्यामुळे क्षमस्व. पुढच्या भरतीला नक्की." एका चुलत बहिणीने झाडून सगळ्या ओहोट्यांना होय आणि भरत्यांना कदाचित कळवले. एकाने जेवण आहे का विचारले. मी सर्वांना होय म्हटले. निमंत्रणाची पोच द्यावी, हा डेस्कचा शिरस्ता होता.

अण्णांचा पत्ता पुतणीकडे नव्हता. हे तिच्या लक्षात आले नाही. संध्याकाळी ती मला स्कूटरवर मागे घेऊन रस्त्याने निघाली, तेव्हा अण्णा पडवीत सुपारी कातरत बसले होते. तिने स्कूटर थांबवली.

"अण्णाकाका, ओहोटीला येताय ना?"

"कुठल्या?"

"अष्टमीच्या हो. सगळ्यांना गेलंय मोबाइलवर."

अण्णांनी खिशातून मोबाइल काढला, उलटसुलट करून पाहिला. "मला नाय आलं."

"तुमचा ईमेल नाही माझ्याकडे."

"मुंबयच्या काकाला गेलं?"

"हो, त्यांना गेलं."

"तो खाटेवरनं उठत नाय, त्याला ओहोटी! आणि मी बांधावर जन्म काढला तो बसलोय सुपारी कातरत."

"अहो, तुम्हाला काय बोलवायचं? तुम्ही घरचेच ना."

"घरच्यांनाच विसरतात गो. बाहेरच्याला कोण विसरतो?" मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. "आणि तुला रे? तुला आलं?"

"आलं."

"कुठली?"

"सगळ्या."

अण्णांनी अडकित्ता मिटला आणि आत गेले. त्या घरी आम्हाला पाणी विचारले गेले नाही, असे पूर्वी कधी घडल्याचे मला आठवत नाही.

वहिनीला सर्व सांगितले. तिने ऐकले आणि कोठीतून नारळ काढून माझ्या हातात दिला. "भाऊजी, रीतसर जाऊन या. अक्षता पण घ्या. जुनं माणूस आहे, रीत केली की विरघळेल." आमच्याकडे मानाचे बोलावणे नारळ आणि अक्षता घेऊन करतात. मी सकाळी आंघोळ करून वरच्या घरी गेलो, नारळ अण्णांसमोर ठेवला आणि अष्टमीला बांधावर यावे, असे म्हणालो.

अण्णांनी नारळाला हात लावला नाही.

"मुंबयवाल्यांना नारळ पाठवलास?"

"नाही. त्यांना मोबाइलवर."

"मग मला कशाला नारळ? सगळ्यांना नवीन पद्धत, आणि आमच्या तोंडावर नारळ. म्हणजे अण्णा अडाणी."

"तसं नाही अण्णा. नारळ मानाचा."

"मान कुठं असतो ते मला नको सांगू. मान चार लोकांत असतो. त्या मोबाइलवर सगळ्यांची नावं खाली दिसतात म्हणे, कोण येणार, कोण नाय. त्यात माझं नाव हाय? नाय ना? मग भावकीत विचारतील, वरचं घर कुठं हाय? काय सांगशील, नारळ दिलाय?"

त्यांनी अष्टमीच्या वेळेची चौकशी मात्र केली. मी साधनाने दिलेली वेळ सांगितली. अण्णांनी जुन्या पद्धतीने तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढली, तिच्यापुढे ओहोटीची धरली आणि हिशेब जुळला तरी नापसंती दाखवली.

"मिनिटं कशाला लिहायची? मिनिटं गाडीला पण छापतात."

नारळ मी परत घेऊन आलो. वहिनीने तो तसाच कोठीत ठेवला. "खाडी थांबेल का त्यांच्यासाठी?" एवढेच ती म्हणाली आणि हंडा घेऊन शेजारच्यांच्या विहिरीवर गेली. स्वतःची विहीर असताना दुसऱ्याच्या विहिरीवर जायला तिने मागच्या पाखाडीची, दगडी पायऱ्यांची वाट धरली, जिथून वरचे घर दिसत नाही.

अण्णांचा पत्ता मिळवणे आले. तो त्यांना स्वतःला माहीत नव्हता. मोबाइल घेतला तेव्हा दुकानदाराने खाते उघडून दिले होते. मी शहरात जाऊन दुकान शोधले. दुकानदाराने बराच वेळ आठवून पत्ता सांगितला. त्यात अण्णांच्या नावाऐवजी त्या दिवशीचा वार आणि दुकानाचे नाव होते. गर्दी होती, असे तो म्हणाला.

पुतणीने पत्ता यादीत जोडला आणि कमांड पुन्हा चालवली. आता भावकीत सगळ्यांच्या कॅलेंडरमध्ये प्रत्येक ओहोटी दोनदा दिसू लागली, प्रत्येक भरती दोनदा. मुंबईच्या काकांनी काळजीने विचारले, दोन्हीला नकार कळवायचा की एकाला? हे निस्तरण्यासाठी पुतणीने जुन्या नोंदी पुसायला घेतल्या. जुन्यांबरोबर नव्याही पुसल्या गेल्या. आणि कॅलेंडरने, आपल्या कर्तव्याला जागून, प्रत्येक पाहुण्याला कळवले की ओहोटी रद्द करण्यात आली आहे.

"पाहुण्यांना कळवू नको, असं सांगता येत नाही का त्याला?" मी विचारले.

"येतं."

"मग?"

"ते ओळीच्या शेवटी लिहायचं असतं. मी आधीच एंटर दाबलं."

नेमके त्याच वेळी अण्णा रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर होते. पेन्शनच्या कामासाठी शहरात गेले की ते तिथे जुन्या सहकाऱ्यांबरोबर बाकावर बसतात. स्टँडवर रेंज चांगली आहे. मोबाइल वाजला. अण्णांनी चष्मा लावून मोठ्याने वाचले आणि आपल्याला ओहोटीचे आमंत्रण आल्याचे बाकावर सांगितले. सहकारी, त्यातले एक निवृत्त वाहक, अभिनंदन करत असतानाच मोबाइल पुन्हा वाजला आणि ते रद्द झाले. हे मला नंतर त्या वाहकाकडून समजले. त्याच्या म्हणण्यानुसार अण्णांनी मोबाइल खिशात ठेवला. समोर लागलेली गाडी त्यांची नव्हती, तरी ते तिच्यात जाऊन बसले.

मुंबईहून फोन सुरू झाले ते यानंतर. मी चुलत भावाला समजावले.

"ओहोटी रद्द झालेली नाही. चुकून तशी सूचना गेली."

"अरे, पण मी तिकीट सोडलं. कन्फर्म होतं! ओहोटी नाही म्हटल्यावर येऊन काय पाण्यात उभा राहू?"

"ओहोटी होणारच. ती होतेच."

"मग रद्द कोणी केली?"

"पुतणीने. म्हणजे केली नाही. पुसली."

"पुसली? वहिनीला दे फोन."

घरच्यांच्या ग्रुपवर एक खुलासा टाकावा असे ठरले. नोकरीत मी खुलासे पुष्कळ लिहिले. हाही त्याच धाटणीने लिहिला: "अष्टमीची ओहोटी रद्द झाल्याचे वृत्त निराधार आहे. ओहोटी ठरल्याप्रमाणे होईल. भरतीच्या कार्यक्रमातही कोणताही बदल नाही." वाचून पुतणी म्हणाली, चांगलं आहे. परिणाम उलटा झाला. खुलासा आला त्या अर्थी काहीतरी शिजते आहे, असे मुंबईत सर्वांचे मत पडले. ज्यांनी तिकिटे सोडली नव्हती त्यांनीही सोडली. आंब्याच्या दिवसांत सोडलेले तिकीट परत मिळत नाही.

अण्णांचा निरोप शेजाऱ्यांमार्फत आला. बोलावून उठवलेला माणूस पुन्हा पंगतीला बसत नाही, असा तो निरोप होता. वहिनी चुलीपुढे होती. शेजारून आणलेले पाणी संपले होते, म्हणून तिने निरोप आणणाऱ्याला घरच्या विहिरीच्या पाण्याचा चहा दिला. त्याने एक घोट घेतला, कपात पाहिले आणि उरलेला चहा सभ्यपणे संपवला. तो गेल्यावर ती म्हणाली, "आता लोकांना पण कळायला लागलं."

अष्टमी आली. ओहोटी दुपारची होती. सकाळपासून आम्ही चिकणमाती खणून बांधावर ढीग घातला, करवंदीच्या फांद्या तोडून आणल्या, लाकडी मेढी रोवल्या. मुंबईहून एकच चुलत भाऊ आला. त्याने निमंत्रण, रद्दची सूचना आणि खुलासा यांपैकी काहीच वाचले नव्हते; बांध अष्टमीला बुजवतात, एवढेच त्याला ठाऊक होते. शेजारचे चौघे आले. पुतणी लॅपटॉप घेऊन बांधाच्या सपाट भागावर बसली होती, कारण दुपारी तिची बैठक होती आणि रेंज तिथेच होती. वहिनी पाट्या घेऊन आली. अण्णा आले नाहीत.

पाणी उतरले. भगदाडाचा तळ दिसू लागला. सर्वांनी पाट्या भरल्या आणि सर्व उभे राहिले.

"टाका की," मुंबईचा चुलत भाऊ शेजाऱ्याला म्हणाला.

"वा रे! तुमच्या भावकीचा बांध. आम्ही टाकून उद्या तुमची भांडणं अंगावर घेऊ?"

"मी टाकते," पुतणी लॅपटॉप बाजूला ठेवत म्हणाली.

"तू टाकशील गो," वहिनी म्हणाली. "आणि पुढं कधी फुटला की पहिली पाटी पोरीची म्हणून फुटला, हे ऐकत कोण बसणार? तुझं लग्न होईल, मी राहीन इथं." तिने आपली भरलेली पाटी खाली ठेवली, पण तिच्यावरचा हात काढला नाही. ती विहिरीकडे पाहत होती. बांधावरून विहिरीचा कठडा दिसतो.

पुतणीने लॅपटॉप पुन्हा मांडीवर ओढला. तिने काळी चौकट उघडली आणि एक ओळ लिहिली. आजची तारीख, हीच एक ओहोटी, पाहुणा एक. या वेळी तिने ओळ शेवटपर्यंत वाचली आणि मगच एंटर दाबला. मग शेजाऱ्यांपैकी ज्याचा आवाज मोठा होता त्याने शेतापलीकडे हाक दिली.

"अण्णाऽऽ! तुमचं आलंय हो मोबाइलवर!"

वरच्या घराच्या पडवीतून उत्तर यायला वेळ लागला. "इथं दिसत नाय!"

"तिथं कसं दिसणार? रेंज इथं हाय! इथं येऊन बघा!"

अण्णा शेतांतून आले. अंगात बनियन, जुनी खाकी पँट गुडघ्यांपर्यंत दुमडलेली, डोक्याला पंचा. मोबाइल पाहायला निघालेला माणूस अशा पोशाखात निघत नाही. हे सर्वांच्या लक्षात आले. ते बांधावर चढले आणि मोबाइल डोक्यावर धरून उभे राहिले. काही आले नाही. ते चार पावले पुढे गेले, परत आले. भगदाडाच्या काठाशी गेले आणि हात लांब करून मोबाइल खाडीवर धरला. खाली भगदाडाच्या तोंडाशी एक सुकी काटकी तरंगत होती. ती इतका वेळ बाहेर चालली होती, ती थांबली होती. पाणी फिरणार होते.

"अण्णा," मी म्हणालो, "पाणी फिरतंय."

"मला दिसतंय. मी काय आंधळा हाय?" मोबाइल त्यांनी खाली घेतला नाही. "आल्याशिवाय कसं?"

काटकी आत येऊ लागली. वहिनीने पदर खोचला. तेवढ्यात मोबाइल वाजला.

अण्णांनी चष्मा लावला आणि स्टँडवर वाचावे तसे मोठ्याने वाचले. "ओहोटी. आज. तुम्ही येणार का?" त्यांनी बोटाने पडदा वर सरकवला, खाली सरकवला. "बाकीची नावं कुठं गेली?"

"बाकीच्यांना नाही पाठवली, अण्णाकाका," पुतणी म्हणाली. "तुम्हालाच."

"ह्याला पण नाय?" त्यांनी माझ्याकडे बोट केले.

"नाही."

"ह्या मुंबयवाल्याला?"

"मला काहीच आलं नाही," चुलत भाऊ म्हणाला. त्याच्यापुरते ते खरे होते.

अण्णांनी बांधावर उभ्या असलेल्या सर्वांवरून एकदा नजर फिरवली. "म्हणजे तुम्ही सगळे बिनबोलावता आलात."

"हो," मी म्हणालो.

त्यांचे समाधान झाले. त्यांनी पडद्यावर एकदा बोट दाबले, मोबाइल माझ्या हातात दिला, वहिनीपुढची भरलेली पाटी उचलली आणि भगदाडात रिकामी केली. त्यांनी 'कदाचित' दाबले होते. मी नंतर विचारले तेव्हा म्हणाले, "एकदम होय कुणी म्हणतं का?"

पाटीमागून पाटी पडत गेली. फांद्या, माती, पुन्हा फांद्या. भांगाची भरती हळू चढते. ती पोहोचली तेव्हा भगदाड भरले होते आणि अण्णा वरून माती तुडवत होते. पुतणीची बैठक मधेच सुरू झाली. तिच्या साहेबांनी मागे कसला आवाज आहे ते विचारले. ओहोटी संपली, असे ती म्हणाली. त्यांनी तिला शाबासकी दिली.

राहिली अमावास्या. अण्णांना धरून सर्वांना, सर्व भरती-ओहोट्या, पुतणीने पुन्हा पाठवल्या होत्या, कारण आता कोणाला वगळणे शक्य नव्हते. उधाणाच्या आदल्या दिवशी अण्णा बांधावर आले, रेंज धरून बसले आणि घरच्यांच्या ग्रुपवर त्यांनी आयुष्यातला पहिला संदेश लिहिला. अमावास्येच्या भरतीला भावकीतल्या सर्वांनी 'नाही' कळवावे. खाली, वरचे घर.

मुंबईच्या काकांनी विचारले, "गुडघ्याचं कारण देऊ?"

अण्णांनी उत्तर बोलून पाठवले. "कारण द्यायचं नाय. नुसतं नाय म्हणायचं."

सर्वांनी नकार दिला. मीही दिला. डेस्कवर असतो तर दिला नसता. मोरीवरचा रस्ता बुडाला. पाणी बांधाला लागले, नव्या मातीच्या निम्म्याहून वर चढले आणि थांबले. एका जागी ओल पाझरली, तिथे अण्णांनी चिखल थापला. मग पाणी उतरू लागले. भगदाड नीट बुजले होते, हे याचे कारण असावे. वाडीत दुसरे कारण सांगतात, आणि त्याचा इन्कार करणारे कोणी पुढे आलेले नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णा आमच्या परसात आले. मी ओट्यावर आंबे पेटीत भरत होतो, पण ते माझ्याशी बोलायला आले नव्हते. वहिनी पाणी ओढत होती. अण्णा विहिरीपासून थोडे दूर उभे राहिले आणि रहाटाला विचारले, "काय म्हणतं पाणी?"

वहिनीने कळशी काठावर ठेवली. ती रहाटाकडे पाहत होती की अण्णांकडे, ते मला तिथून दिसले नाही. "मी सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "बघा पिऊन." आणि तांब्या भरून कठड्यावर ठेवला.

अण्णांनी तो उचलला, वरून घोट घेतला, तोंडात धरून ठेवला आणि गिळला. "मीठ हाय अजून," ते रहाटाला म्हणाले. मग पुन्हा एक घोट घेतला. "पण जातंय."

वहिनीने रोज विहीर उपसायला सुरुवात केली. वरचे सगळे पाणी काढून माडांना घालायचे, खालून नवे येऊ द्यायचे. पुतणी आणि मी आळीपाळीने रहाट ओढत होतो. मी शहरात परतायच्या आदल्या दिवशी दुपारी तिने तुरीची डाळ चुलीवर ठेवली आणि एकदाच सरपण लावले. डाळ शिजली.

तिने वाडगाभर आमटी वरच्या घरी पाठवली. मी ती अण्णांपुढे ठेवली आणि सांगितले, हे बोलावणे नाही, नुसतीच पाठवली आहे.

अण्णांनी झाकण काढून पाहिले. "चालेल," ते म्हणाले.